शिवारात मैलागाळ टाकायचा निर्णय: आपल्याला विचारतात ते नेमकं कधी?

ओलावा

नमस्कार मंडळी,

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. परवा जनसुनावणीहून आले आणि रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून शेवटी धागा काढतेय.

विषय असा. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून निघणारा गाळ, ज्याला हल्ली बायोसॉलिड्स म्हणतात, तो आमच्या घरामागच्या शेतांत खत म्हणून पसरायचं ठरलं आहे. 'ठरलं आहे' हे मी मुद्दाम लिहितेय. नोटिशीत शब्द होता 'प्रस्तावित'. हरकती व सूचना मागवल्या होत्या. तीन संध्याकाळी बसून मी चार पानं लिहिली. तिथे गेल्यावर कळलं की वाहतुकीचा ठेका देऊन झालाय, जमीनमालकांशी करार झालेत, पहिल्या खेपेची तारीखसुद्धा पक्की आहे.

प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. टेबलावर घड्याळ लावलेलं. माझ्या आधी एक वयस्कर बाई उठल्या. त्यांचं पिण्याचं पाणी शेताच्या कडेच्या विहिरीचं. त्यांनी एकच विचारलं, "या गाळात काय काय आहे ते मला कोण सांगेल?" उत्तर आलं, "सगळं मानकांप्रमाणे आहे." त्या अजून उभ्याच होत्या आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

मी गाळाच्या विरोधात नाही. सोनखत हा शब्द आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. मातीतून निघालेलं मातीत परत जावं हे मलाही पटतं. पण ज्यांच्या विहिरीशेजारी हा गाळ पडणार, त्यांना विचारायची वेळ कोणती? ठेका दिल्यावर विचारणं याला विचारणं म्हणायचं का? ज्यांना या कामाची माहिती आहे, ज्यांनी असं काही पाहिलं आहे, त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा. मला शिकायचं आहे आणि पुढच्या बैठकीला तयारीने जायचं आहे.

टाकीवरचा

ताई, मी २६ वर्षं प्रक्रिया केंद्रावर काम केलं, आता निवृत्त आहे. आधी गाळ म्हणजे काय ते सांगतो, कारण बैठकीत हे कुणीच नीट सांगत नाही.

सांडपाणी येतं तेव्हा त्यात घन पदार्थ फार थोडे असतात. ते खाली बसवून जो गाळ निघतो, तोही शंभरात ९७-९८ भाग पाणीच. तो बंद टाकीत, हवेशिवाय, साधारण ३५ अंशांवर निदान १५ दिवस कुजवायचा. त्यातून गॅस निघतो, जंतू बरेच मरतात, वास कमी होतो. मग पट्ट्याच्या प्रेसवर किंवा सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरणाऱ्या यंत्रात, पाणी पिळून काढायचं. जे उरतं त्याला आम्ही 'केक' म्हणतो. काळा, ओलसर, हातात घेतला तर ढेकळासारखा फुटतो. वाळवणीच्या वाफ्यांवर टाकला की काही आठवड्यांत त्यातून टोमॅटोची रोपं उगवतात. माणसाच्या पोटातून, सगळ्या पंपांतून आणि टाक्यांतून जाऊनही ते बी जिवंत राहतं. नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी तीच रोपं दाखवायचो. गाळ शंभर टक्के मेलेला नसतो, हे त्यावरून चटकन कळतं.

आता मुद्द्याचं. 'मानकांप्रमाणे आहे' हे उत्तर खोटं नसतं, पण ते अर्धं असतं. नमुना कुठून घेतला हे विचारा. सेंट्रिफ्यूज लावलेल्या केंद्रांत टाकीतून बाहेर आलेल्या गाळात जंतू कमी दिसतात आणि पाणी पिळल्यानंतर एक-दोन दिवसांत तोच आकडा परत चढलेला सापडतो. त्यामुळे टाकीवरचा नमुना आणि शेतात दोन दिवस पडून असलेल्या ढिगाचा नमुना, हे दोन वेगळे नमुने आहेत. नोकरीत असताना मी हे वर सांगितलं होतं. "अहवाल टाकीवरचाच द्यायचा," एवढंच उत्तर मिळालं. ते अजून मनात सलतं.

अनवाणी

काका, टोमॅटोचं वाचून थक्क झाले. एक बाळबोध प्रश्न: मानकं म्हणजे नक्की काय मोजतात?

माती_नाती

माझा विषय मृदाशास्त्र, म्हणून मी लिहितो. प्रत्येक देशात नियम वेगळे, पण ज्याचा दाखला सगळीकडे दिला जातो तो अमेरिकेचा १९९३ चा 'पार्ट ५०३' नियम. त्यात ९ धातूंच्या मर्यादा आहेत: आर्सेनिक, कॅडमियम, तांबं, शिसं, पारा, मॉलिब्डेनम, निकेल, सेलेनियम, जस्त. शिवाय जंतूंनुसार दोन वर्ग. 'अ' वर्गात दर ग्रॅम कोरड्या गाळात विष्ठाजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जंतू) १००० च्या खाली हवेत. 'ब' वर्गात ती मर्यादा थेट २० लाख. म्हणून 'ब' वर्गाच्या शेतावर बंधनं असतात: जनावरं ३० दिवस चारायची नाहीत, जमिनीला टेकणारा भाजीपाला १४ महिने काढायचा नाही, कंदमुळांसाठी त्याहून जास्त थांबायचं, आणि लोकांची वर्दळ असलेल्या जागेत वर्षभर प्रवेश बंद.

ही बंधनं पाळली जातात की नाही हे सगळ्यात आधी कोणाला दिसतं? शेजाऱ्याला. कुंपण नाही, पाटी नाही, तिसऱ्या आठवड्यातच जनावरं सोडली, हे तपासनिसाला वर्षातून एकदा दिसलं तर दिसलं. आणि नियमात शेजाऱ्याला काही भूमिकाच नाही.

चाचणी किती वेळा करायची तेही पाहा. त्याच नियमात वर्षाला २९० टनांपेक्षा कमी कोरडा गाळ असेल तर वर्षातून फक्त एकदा. पंधरा हजार टनांच्या वर गेला तर दर महिन्याला.

आता जे मोजलं जात नाही त्याबद्दल. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या स्वतःच्या महानिरीक्षकांनी २०१८ मध्ये अहवाल दिला, की गाळात सापडलेल्या ३५२ प्रदूषकांविषयी ते सुरक्षित आहेत का हे ठरवायला संस्थेकडे पुरेशी माहिती नाही. औषधं, ज्वालारोधक रसायनं, पीफास (वर्षानुवर्षं न विघटणारी कृत्रिम रसायनं) हे सगळं त्यात आलं. पीफास कुजवून जात नाहीत, उकळून जात नाहीत. पाणी स्वच्छ होताना त्यातली काही रसायनं गाळाला चिकटतात आणि गाळाबरोबर शेतात जातात. जानेवारी २०२५ मध्ये त्याच संस्थेने मसुदा मूल्यांकन काढलं. पीएफओए आणि पीएफओएस ही पीफासमधली दोन रसायनं गाळात अब्जात १ भाग असली, तरी काही परिस्थितींत त्या शेतावर राहून तिथलंच दूध, अंडी, पाणी घेणाऱ्या कुटुंबांना धोका मान्य पातळीच्या वर जाऊ शकतो असं त्यात आहे.

म्हणजे विहिरीच्या पाण्याबद्दल विचारणाऱ्या त्या बाईंचा प्रश्न शास्त्राच्या बाहेरचा नव्हता.

कातळ

सगळं मान्य, पण मला एक सांगा. लोकांना विचारलं तर लोक 'नको' म्हणणार. प्रत्येक ठिकाणी नको. मग गाळ जाणार कुठे? पूर्वी अमेरिका समुद्रात टाकायची, ते १९८८ च्या कायद्याने बंद केलं. जाळला तर धूर आणि राख. कचराभूमीत पुरला तर मिथेन आणि झिरपणारं पाणी. संडास तर आपण सगळेच वापरतो. शहर थांबत नाही, गाळ थांबत नाही. असे तांत्रिक निर्णय जाणकारांवर सोडले नाहीत तर काहीच होणार नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

ओलावा

कातळ, तुमचा प्रश्न टाळायचा नाही मला. पण परवाच्या सभेत 'गाळ कुठे जावा' हा प्रश्न कुणी आम्हाला विचारलाच नाही. 'आम्ही तो इथे टाकतोय, काही म्हणायचंय का' एवढंच विचारलं. त्या प्रश्नाला 'नको' याखेरीज दुसरं उत्तर काय देणार? गाळ किती आहे, कुठून आला, पर्याय कोणते, प्रत्येकाची किंमत कोण मोजणार, हे आधी समोर ठेवलं असतं तर माझी चार पानं वेगळी झाली असती.

रानजाई

ओलावाताई, अगदी हेच. आमच्याकडे सहा वर्षांपूर्वी असंच झालं होतं. वाहनं रात्री यायची. सकाळी दार उघडलं की अमोनियाने डोळे चुरचुरायचे, आणि दुपारनंतर कुजलेल्या कोबीसारखा वास भिंतींना धरून बसायचा. तक्रार केली तर विचारलं, "तुम्हाला होणारा त्रास गाळामुळेच आहे याचा पुरावा द्या." पुरावा मी कुठून आणू? वाऱ्याची दिशा, तारीख, वेळ, कुणाला काय झालं, हे वहीत लिहायला सुरुवात केली तेव्हा अर्धा मोसम गेला होता. तक्रार घ्यायला ठरलेला माणूस नाही, नोंदवायला नमुना नाही. मग कार्यालय म्हणतं की आमच्याकडे एकही तक्रार नोंदलेली नाही. नोंदच होऊ दिली नाही तर असेल कुठून!

माती_नाती

रानजाई, तुम्ही अगदी वर्मावर बोट ठेवलंत. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००२ मध्ये याच विषयावर मोठा अहवाल दिला. त्यांचं म्हणणं दुहेरी होतं. एक, पार्ट ५०३ नियमामुळे लोकांचं आरोग्य राखलं गेलं नाही असं दाखवणारा नोंदवलेला शास्त्रीय पुरावा नाही. दोन, आरोग्यावरील परिणामांबाबत अनिश्चितता कायम आहे आणि नव्याने अभ्यास व्हायला हवा. गाळ पसरण्याच्या बाजूचे लोक पहिलं वाक्य वाचून दाखवतात, विरोधक दुसरं. पण 'पुरावा नाही' म्हणजे 'त्रास नाही' असं होत नाही, कारण पुरावा गोळा करायची यंत्रणाच नव्हती. तक्रारींचा माग ठेवावा आणि धोक्याच्या मूल्यांकनात संबंधित लोकांना सामील करून घ्यावं, हेही त्याच समितीने सांगितलं होतं. तो भाग कुणीच वाचून दाखवत नाही.

बांधकरी

मी शेतकरी आहे, आणि मी हा गाळ घेतला आहे. सात वर्षं घेतला. त्यामुळे इथे लिहिताना जरा जड जातंय, पण लिहितो.

पीक चांगलं आलं. खोटं कशाला बोलू? जमीन भुसभुशीत झाली, पाणी धरून ठेवायला लागली, खताचा खर्च बराच खाली आला. शेजाऱ्यांनी तोंड फिरवलं तेव्हा मला राग यायचा. वाटायचं, यांना काय कळतं शेतीतलं.

मग एका वर्षी मातीचा अहवाल काढला तर स्फुरद कुठच्या कुठे गेलेलं. गाळ टाकतात तो नत्राच्या हिशोबाने. पिकाला लागेल तेवढं नत्र गाळातून द्यायचं म्हटलं की स्फुरद गरजेपेक्षा जास्त पडतं, आणि पालाश जवळजवळ नसतंच, ते पाण्याबरोबर आधीच निघून गेलेलं असतं. हे मला सात वर्षांत एकाने सांगितलं नाही. करार काढून बघितला. वर्गाचं नाव, टनांचा आकडा, माझी सही. पुढे मातीत काही निघालं तर जबाबदारी कुणाची, याबद्दल एक ओळ नाही. म्हणजे जमीन माझी, निघालेलंही माझंच.

लोक समजतात की शेतकरी त्या बाजूला आणि शेजारी या बाजूला. तसं नाही हो. टेबलावर आम्ही दोघंही नव्हतो. मला फक्त सहीपुरतं बोलावलं होतं.

रानजाई

दादा, तुमचं वाचून गलबलून आलं. आमच्या शेजारच्या शेतकऱ्याशी मी सहा वर्षं बोलले नाही. आज जाऊन बोलेन.

मधली_वाट

पाणी आणि कचरा या विषयांवरच्या सार्वजनिक बैठका चालवणं हे माझं काम. बांधकरींनी जे लिहिलं ते मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

लोकसहभाग हा एकच शब्द आपण फार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये त्याची ८ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना गुंडाळणं आणि त्यांची समजूत काढणं. मधे माहिती देणं, मत विचारणं, चुचकारणं. वरच्या तीन पायऱ्यांवरच लोकांच्या हातात काही येतं: भागीदारी, सोपवलेले अधिकार, आणि नियंत्रण. ओलावाताईंची सुनावणी मधल्या पायऱ्यांवरची वाटते, पण ठेका आधीच दिलेला असल्यामुळे ती खरं तर तळाला गेली.

वेळेबद्दल ताईंनी जे विचारलं त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्वच्छ उत्तर १९९८ च्या आऱ्हूस करारात आहे. पर्यावरणविषयक माहिती, सहभाग आणि न्याय यासाठीचा हा आंतरराष्ट्रीय करार. त्याच्या सहाव्या कलमात म्हटलं आहे की लोकांचा सहभाग लवकर घ्यावा, सगळे पर्याय खुले असताना. जे देश त्या करारात नाहीत, तिथेही ही कसोटी लावून बघायला कुणाची आडकाठी नाही. पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच करा: आज यातला कुठला पर्याय खुला आहे? उत्तर 'एकही नाही' असेल तर ते इतिवृत्तात लिहून घ्या.

कातळ म्हणतात की लोक नकोच म्हणणार. धोक्याविषयी लोकांशी कसं बोलावं यावर पीटर सँडमन यांनी आयुष्यभर काम केलं. त्यांचं सूत्र असं की लोकांच्या लेखी धोका म्हणजे प्रत्यक्ष इजा अधिक संताप. संताप कशाचा? न विचारता लादल्याचा, लपवल्याचा, फायदा एकाला आणि वास दुसऱ्याला असल्याचा. जाणकार पहिल्याच भागाचा आकडा सांगत राहतात आणि दुसरा भाग वाढत जातो. तो दुसरा भाग म्हणजे लोकांचं अज्ञान असं मी मानत नाही. अन्याय झाला की माणूस चिडतो, आणि ते बरोबरच आहे.

कातळ

आऱ्हूसचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण लोकांनी ठरवलं आणि बरं झालं, असं प्रत्यक्षात कुठे घडलं आहे का? मला माहीत असलेलं उदाहरण उलटं आहे. कॅलिफोर्नियातल्या कर्न काउंटीत लॉस एंजेलिसचा गाळ यायचा. २००६ मध्ये तिथल्या मतदारांनी प्रचंड बहुमताने बंदी घातली. ते प्रकरण दहा वर्षांहून जास्त न्यायालयात चाललं आणि शेवटी बंदी टिकली नाही. मतदान झालं, पैसा गेला, गाळ येतच राहिला.

मधली_वाट

कर्नचं उदाहरण माझ्याही मनात होतं, आणि मला ते उलटं वाटत नाही. शहराने गाळ सुरू केला, पुढे ती शेतजमीनच विकत घेतली, आणि लोकांच्या हातात उरलं ते एकच हत्यार: हो किंवा नाही. बाकी सगळ्या वाटा बंद केल्या की लोक मतपेटीकडे जातात. तिथे 'कोणता गाळ, किती, कुठल्या अटींवर' असले प्रश्न विचारता येत नाहीत.

बरं झाल्याची उदाहरणंही आहेत, पण ती अर्धवट आहेत हे आधीच सांगते. ब्रिटनमध्ये १९९८ च्या शेवटी पाणी कंपन्या आणि किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनेने मिळून एक तक्ता ठरवला: कोणत्या पिकाला कोणत्या प्रक्रियेचा गाळ चालेल आणि किती महिने थांबायचं. प्रक्रिया न केलेला गाळ अन्नपिकांवर टाकणं त्यातून १९९९ च्या अखेरीस थांबलं. कायदा येईपर्यंत कुणी थांबलं नाही. पण शेताच्या शेजारी राहणारे त्या कराराचे पक्षकार नव्हते, आणि वासाच्या तक्रारी होत राहिल्या.

मला जास्त भावतं ते स्वीडनचं. तिथे रेव्हाक नावाची प्रमाणन व्यवस्था आहे. पाणी कंपन्या, शेतकऱ्यांची संघटना, अन्न उद्योग आणि दुकानदार एका टेबलावर बसून ती उभी राहिली. त्यांचा भर गाळाइतकाच गाळाच्या उगमावर आहे. गटारात कोण काय सोडतं ते शोधा, तिथेच थांबवा, त्रयस्थाकडून तपासून घ्या, आणि निकाल जाहीर करा.

टाकीवरचा

उगमाचं बोललात ते फार बरं केलंत. टाकीवर उभं राहून आम्हाला रंग आणि वासावरून कळायचं, आज वर कुणीतरी काहीतरी सोडलंय. धातू टाकीत नाहीसे होत नाहीत, ते गाळातच बसतात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात गाळातलं पीएफओएस वाढलेलं आढळल्यावर त्यांनी गटारातून माग काढत धातूला मुलामा देणारे कारखाने गाठले. तिथे कार्बनचे फिल्टर बसवल्यावर केंद्रातला आकडा झपाट्याने खाली आला. म्हणजे शेतातला प्रश्न शहरातल्या एका नळीवर सुटला.

हे लोकांना कळलं तर ते 'नको' च्या पुढे जातात. मी स्वतः एकदा शाळेतल्या मुलांसमोर दोन बरण्या ठेवल्या होत्या, एकात केक, एकात कंपोस्ट केलेला गाळ. पहिल्यांदा सगळी मागे सरकली. मग एक मुलगी पुढे आली, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "यात आमच्या घरातलं काय आहे?" त्या प्रश्नावर आम्ही तासभर बोललो. रंगाचे डबे, जुनी औषधं, साबण, सगळं निघालं.

अनवाणी

अमेरिकेतल्या मेन राज्याने सरळ बंदीच घातली असं वाचलं होतं. मग तसंच का करू नये?

माती_नाती

मेनने २०२२ मध्ये बंदी घातली, खरं आहे. गाळ पसरणंही बंद आणि गाळापासून केलेलं कंपोस्ट विकणंही. त्यामागे शेतकऱ्यांचं मोठं दुःख होतं. अनेक वर्षांपूर्वी परवानगी घेऊन टाकलेल्या गाळातून पीफास मातीत, चाऱ्यात आणि दुधात उतरले, गोठे बंद पडले. त्याच वर्षी बाधित शेतकऱ्यांसाठी ६ कोटी डॉलरचा निधीही राज्याने उभा केला. बांधकरींच्या करारात जी ओळ नव्हती, तिची किंमत तिथे सरकारला नंतर मोजावी लागली.

पण पुढचंही ऐका. गाळ कचराभूमीत जायला लागला. ओला गाळ ढिगात एकटा उभा राहत नाही, त्याला आधार द्यायला कोरडा, भरड कचरा लागतो. तो कमी पडला, आणि २०२३ मध्ये काही काळ गाळ सीमेपलीकडे कॅनडात न्यू ब्रन्सविकला पाठवावा लागला. ज्या कचराभूमीत बहुतेक गाळ जातो तिच्या विस्ताराला तिथले मूळनिवासी, पेनॉब्स्कॉट लोक, विरोध करत आहेत. बंदी चूक होती असं मी म्हणत नाही, माझ्या मते त्या परिस्थितीत ती योग्यच होती. पण गाळाची जागा बदलली की विचारायची माणसं बदलतात, आणि नव्या जागेच्या माणसांना पुन्हा सगळ्यात शेवटीच विचारलं गेलं.

कातळ

हे माझ्या डोक्यात नव्हतं. मी 'जाणकारांवर सोडा' म्हणालो तेव्हा मला वाटत होतं की जाणकार सगळं मोजत असतात. नऊ धातू आणि वर्षातून एक चाचणी एवढ्यावर मीही माझ्या विहिरीशेजारी सही केली नसती. मी माझं म्हणणं थोडं बदलतो: मोजायचं काम जाणकारांचं, पण काय मोजायचं आणि किती अनिश्चितता सोसायची हे ज्याला सोसायची आहे त्यानेही ठरवावं.

मधली_वाट

कातळ, मनापासून आभार. एका गोष्टीकडे मात्र सगळ्यांनी लक्ष द्या, ती म्हणजे नोंदी. युरोपात १९८६ पासूनच्या निर्देशानुसार किती गाळ निघाला, त्यात काय होतं, कुणाला दिला, कुठे टाकला याची नोंदवही ठेवावी लागते. पूर्वी ती अधिकाऱ्यांनाच दाखवायची असे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती एकत्रित स्वरूपात लोकांपुढेही ठेवावी लागते. ओलावाताई, तुमच्याकडे जो काही नियम असेल तो असो, शेतनिहाय नोंद गावात उघडी ठेवा अशी मागणी करा. कुठल्या बांधापर्यंत, कोणत्या तारखेला, कोणत्या खेपेचा, त्या खेपेचा अहवाल कोणता. मेनमध्ये जुन्या परवान्यांच्या नोंदी होत्या म्हणून बाधित शेतं शोधता तरी आली.

आणि नावाविषयी थोडं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या जलतज्ज्ञांच्या संघटनेने 'बायोसॉलिड्स' हा शब्द स्वीकारला, कारण 'स्लज' ऐकून लोक बिचकत. नोटिशीत मैलागाळ लिहिलं असतं तर किती लोक आले असते? नोटीस लोकांना कळेल अशा शब्दांत हवी, हीसुद्धा मागणीच आहे.

ओलावा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुसरी बैठक झाली, म्हणून लगेच लिहायला बसले.

मी, रानजाई आणि आमच्याकडचे दोन शेतकरी एकत्र गेलो. शेतकरी आमच्या बाजूच्या खुर्च्यांवर बसले तेव्हा समोरच्या मंडळींचे चेहरे बदलले. 'आज कुठला पर्याय खुला आहे' हा प्रश्न पहिला विचारला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका अधिकाऱ्यांनी कबूल केलं की जागा आणि ठेका बदलता येणार नाही, पण वेळापत्रक, विहिरींपासूनचं अंतर आणि चाचण्या यांवर अजून बोलता येईल. इतिवृत्तात तसं लिहून घेतलं. जागेचा प्रश्न मी सोडलेला नाही, तो लेखी हरकतीत आहे.

विहिरीच्या चाचण्या पहिल्या खेपेआधी करायचं मान्य झालं. गाळ टाकल्यावर चाचणी केली तर आधी पाण्यात काय होतं तेच कळणार नाही. करारात जबाबदारीची ओळ घालायला त्यांनी वेळ मागून घेतला आहे. शेतकऱ्यांनी सांगितलं, ओळ येईपर्यंत वाहन आत येणार नाही.

आणि काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे शेतातल्या ढिगावरचा नमुना मागितला. आधी नाही म्हणाले. मग त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या एक बाई उठून म्हणाल्या की हे करायला हवं, त्यात काही अवघड नाही. तर आता असं ठरलंय: पहिल्या ढिगातला नमुना सगळ्यांसमोर घ्यायचा, मिसळून तीन भाग करायचे, एक केंद्राकडे, एक शेतकऱ्याकडे, एक आमच्याकडे. आमचा भाग आम्ही दुसऱ्या प्रयोगशाळेत देऊ. विहिरीवाल्या बाईंना मी विचारलं, आपल्या बाटलीवर चिठ्ठी कोण लिहिणार? म्हणाल्या, "मी लिहीन. अक्षर वाईट आहे, पण वाचता येतं."

टाकीवरचा

ताई, शाब्बास. आता कामाचं सांगतो, लक्षात ठेवा.

ढिगाच्या एकाच जागेवरून घेऊ नका. वरून, मधून, खालून, चारही बाजूंनी घ्या, स्वच्छ बादलीत एकजीव करा, मगच वाटा. जंतूंची बाटली निर्जंतुक हवी, काठोकाठ भरू नका. बर्फाच्या पेटीत ठेवा, पण गोठू देऊ नका, आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. उशीर झाला तर तो आकडा धरत नाहीत. पीफाससाठी बाटली वेगळी, प्रयोगशाळेकडूनच आणा, झाकणाला आतून टेफ्लॉनचं अस्तर नको. त्या दिवशी जलरोधक जॅकेट घालून हात लावू नका, त्याच्या लेपातही तेच रसायन असू शकतं. चिठ्ठीवर तारीख, वेळ, ढिगाची जागा आणि तिघांच्या सह्या. पेन्सिलने नको, न पुसणाऱ्या शाईने. आणि बाटली ज्या ज्या हातातून जाईल त्या प्रत्येकाचं नाव वेळेसकट एका कागदावर लिहीत जा. तो कागद बाटलीबरोबरच राहू दे.

तारीख कळवा. प्रवास झेपला तर मी येतो.